लंकाबाईची सतरा माणसं

भिंगारला आमच्या शेजारी राहणारी लंकाबाई कशाला भीत नव्हती ते विचारा! पाल, वीज, पोलीस, घाटातली एस्टी, सगळ्याला. आणि सगळ्यात जास्त देवीच्या रोगाला. तिची दोन लेकरं एकाच आठवड्यात देवीनं गेली होती, तिच्याही तोंडावर व्रण होते. कुणाच्या अंगावर साधं पुरळ दिसलं तरी ती भिंतीला जाऊन चिकटायची.

अशी बाई सत्तर साली अकोले तालुक्यातल्या डोंगरात, ठाकर आदिवासींच्या करपवाडीत आली, कारण आमच्या शिबिराला स्वयंपाकीण मिळेना. आम्ही सतरा पोरंपोरी तिथं विहीर खोदायला गेलो होतो. शिबिर संपलं, सगळे पांगले. लंकाबाईनं मात्र एकालाही सोडलं नाही. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून दर दिवाळीला मला धरायची.

"मनकर्णे, माझ्या मान्सांना कार्डं लिही. पत्ता बदलला तर कळवा म्हनावं."

"मावशी, कुणाला पडलंय गं एवढं?" मी कातावायचे, पण लिहायचे. तिच्या डब्यात सतरा पत्ते होते. त्यात माझाही. भिंतीला भिंत लागून घर, तरी मला कार्ड पोस्टानंच यायचं!

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात एक डॉक्टर लंकाबाईच्या दारात आले. करपवाडीत देवी आली होती. लसवाल्यांची जीप बघून माणसं पोरांना घेऊन वरच्या कपारीत पळाली होती. शिबिरातल्या कुणी हाक मारली तरच उतरतील, असं मागं राहिलेल्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. उशीर झाला तर एक पोर हाती लागणार नव्हतं.

देवी हा शब्द ऐकून लंकाबाई उंबऱ्यातच बसली. मग म्हणाली, "समद्यांना तारा कर."

सोळा तारा केल्या. आले तिघंच. बाकीच्यांचा पत्ता नाही.

डॉक्टर आणि त्या तिघांबरोबर डोंगर चढताना लंकाबाईनं माझं मनगट आवळून धरलं होतं. वाडीत कोंबडं नाही, धूर नाही. ओढ्यापाशी ताज्या मातीचे दोन ढिगारे दिसले. लहान, अगदी लहान.

मी तिथंच थांबले. दंडावर लस घेतल्याचे वण होते, तरी मी भ्याले. "मावशी, मी इथं सामान सांभाळते," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "बस हितं. पानी पी." आणि ती चालू लागली. दर चार पावलांवर थांबत होती बाई, खालून दिसत होतं मला.

वर जाऊन तिनं थाळी वाजवली. शिबिरात जेवायला बोलवताना वाजवायची, तशीच. बराच वेळ काही नाही. मला वाटलं, संपलं सगळं. मग एक पोर रडलं आणि एकामागून एक माणसं उतरायला लागली. सगळ्यात पुढं वाडीतली चांगुणा होती. तिच्या पोराचं तोंड फोडांनी भरलं होतं. लंकाबाईनं खाली बसून त्याला मांडीवर घेतलं.

ते पोर वाचलं नाही. बाकी सगळ्यांना डॉक्टरांनी त्याच दिवशी लस टोचली, आणि ती माणसं वाचली.

दिवाळीला कार्डं लिहायला बसले तेव्हा माझं डोकं तडकलं. "जे आले नाहीत त्या तेराजणांची नावं खोडते मी! कसली माणसं गं तुझी? भेकड मेली!"

लंकाबाई तांदूळ निवडत होती. "नको खोडू. भ्याले असतील."

"म्हणून काय झालं?"

"मग वढ्यापाशी बसली तिचं बी खोडावं लागंल, मनकर्णे." आवाजात राग नव्हता. तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "लिही. सतरा हायेत."

मी लिहीत गेले. शेवटचं कार्ड माझं होतं. त्यावर माझाच पत्ता घालताना मला रडू फुटलं.