खारट राख

धुकं इतकं दाट की दहा पावलांवरचा कोळशाचा ढीग दिसेना. जिभल्यानं चाचपडत चार खडे उचलले, लोखंडी पळीत जाळले, राख निवू दिली आणि चिमूटभर जिभेवर ठेवली.

नवा माल आला की हे काम त्याचंच. राख खारट लागली की तो कोळसा बॉयलरच्या नळ्यांना चिकटणार. मग तो दुसऱ्या कोळशात थोडाथोडा मिसळूनच जाळायचा. प्रयोगशाळेचा कागद यायला चार दिवस लागत, जिभल्याला चार मिनिटं. तीस वर्षांत चूक नाही.

पण मागच्या तापात जिभेची चवच गेली. लाजेपोटी तो कुणाला बोलला नाही. गेल्या खेपेला "चालू द्या" म्हणून मोकळा झाला. आठ दिवसांत नळ्यांवर विटेसारखी राख थापली गेली. बॉयलर थंड करून माणसं ती फोडायला आत शिरली, तेव्हा वरचं ढेकूळ सुटलं ते थेट त्याच्या जावयावर. हात कोपरापासून गेला. सगळ्यांनी खाणवाल्यांना शिव्या घातल्या; जिभल्यानंही घातल्या. आता जावयाच्या जागी लेक राखेची गाडी ढकलत होती.

"काय मामा, गोड की खारट?" मुकादमानं विचारलं. "सांगा लवकर, वाफ उतरतेय."

तोंडात नुसती कचकच. लेक गाडी घेऊन शेजारीच उभी.

"कळत नाही," जिभल्या म्हणाला.

"थट्टा नको हो सकाळी सकाळी."

"तापानंतर चवच नाही मला. मागच्या खेपेलाही नव्हती."

मुकादमानं इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोला! घरी बसवतील तुम्हाला." मग त्यानं स्वतःच बोट राखेत बुडवून चाटलं आणि पचकन थुंकला. "मीठच आहे नुसतं! थांबवा रे हा माल!"

लेकीनं गाडीचा दांडा सोडला. मग म्हणाली, "त्या दिवशी मी भाजीत मीठ विसरले होते. तुम्ही चाटूनपुसून जेवलात. मला वाटलं, बाबांनी माझं मन राखलं."

"पोरी..."

"नका बोलू काही." तिनं गाडी बॉयलरखालच्या राखेच्या दाराशी लावली आणि पाठ फिरवली. "भरा. निम्मी रिकामी आहे."

जिभल्यानं फावडं उचललं आणि भरू लागला.