दुपारी अंधारणारं शहर

अख्ख्या वस्तीचे दिवे लावणाऱ्या माणसाच्या मुलीला अंधारात दिसू नये, याला काय म्हणायचं? शेजारणी हळहळायच्या आणि ते कानावर पडलं की दिवेवाल्याचं डोकंच फिरायचं. "हळहळ आपापल्या घरी करा!" असं तोंडावर सुनवायचा. रस्त्यावरच्या दिव्यांचा मिस्त्री तो. हात कामाचा, जीभ तिखट, आणि मुलीपुढे मात्र निव्वळ लोण्याचा गोळा.

ठमीला लहानपणापासून रातांधळेपणा. दिवसा सगळं ठीक, पण ऊन उतरलं की समोरचा माणूससुद्धा दिसेनासा व्हायचा. संध्याकाळी क्लास असो, मैत्रिणीचं लग्न असो, बाप सोबत असायचाच. आता तिला पुढच्या शिक्षणासाठी परदेशात दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक शहर भरपूर उन्हाचं, शिवाय तिथे तिचा चुलतमामा राहणारा. दुसरं पार उत्तरेला. तिथे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडायचा. पण संख्याशास्त्रातलं तिला जे शिकायचं होतं, ते शिकवणाऱ्या बाई नेमक्या तिथेच! उद्या सकाळी एका शहराला होकार कळवायचा होता, आणि आठवडाभर घरात नुसती धुसफूस चालली होती.

"दुपारी अंधार म्हणजे काय चेष्टा आहे?" दिवेवाला चहाचा कप आपटत म्हणाला.

"तिथे दिवे असतात, बाबा. तुमच्यासारखे मिस्त्रीही असतात."

"असतील! पण ते तुझे बाप नसतील!"

ठमी आत गेली आणि घडीची पांढरी काठी घेऊन आली. सहा महिने ती अंधांसाठीच्या संस्थेत जाऊन काठीने चालायला शिकत होती. आईला ठाऊक होतं, बापाला नाही. दिवेवाल्याने काठी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. माझ्यापासून लपवलंन?

"केबल बदलायची म्हणून आपल्या गल्लीतले दिवे बंद आहेत ना?" ठमी म्हणाली. "मग आज बसथांब्यापासून घरापर्यंत मी एकटी चालते. तुम्ही मागून या. हात लावायचा नाही, अवाक्षर काढायचं नाही. पोहोचले तर उत्तरेला. नाही पोहोचले, तर मुकाट्याने मामाकडे जाईन."

"गल्ली मध्येच खणलीय."

"अडथळे लावलेत ना?"

"म्हणजे काय! मी स्वतः लावलेत."

दिवेलागणीनंतर बाजारातून परतताना दोघं बसथांब्यावर उतरले. ठमीने काठी उघडली आणि गल्लीत शिरली. टक, टक. दिवेवाला मागे. पहिल्याच वळणावर ती उभ्या सायकलला धडकली, हाताला खरचटलं असावं, पण थांबली नाही. याचा हात खिशातल्या विजेरीवर गेला नि परत आला. पडली एकदाची, तर बरं होईल, असं त्याच्या मनात आलं. लगेच स्वतःचीच लाज वाटली. असा कसा बाप मी?

गल्लीच्या मध्यावर आला आणि बघतो तर काय! अडथळा जागेवर नव्हता! कुणा शहाण्याने दुचाकी घालायला तो भिंतीकडे सारला होता. पुढे कमरेएवढा खड्डा, आणि ठमी सरळ त्याच्याच रोखाने चाललेली.

बोलायचं नाही, असं ठरलं होतं. तो तसाच धावला. पाय त्या सारलेल्या लोखंडी अडथळ्यात अडकला आणि हा दाणकन पालथा पडला. "ठमे, थांब!"

"थांबलेय मी," ती खड्ड्याच्या अलीकडूनच म्हणाली. काठीचं टोक खाली अधांतरी होतं. "लागलं का बाबा?"

"गुडघा फुटला. तू... तू कशी थांबलीस गं?"

"काठीला जमीन लागेना म्हणून." ती चाचपत आली, हात देऊन तिने त्याला उठवलं. "तुम्ही ओरडलात. अट मोडली. आता इथेच थांबा. उरलेली गल्ली मी तुमच्याशिवाय जाते."

"अगं पण..."

"बाबा, तिथे तुम्ही मागे नसणार आहात."

खड्ड्याची कड धरून, काठी टेकवत ती पलीकडे गेली. थोडा वेळ ती सावलीसारखी दिसली, मग दिसेनाशी झाली. दिवेवाल्याने विजेरी काढली आणि न लावताच हातात धरून ठेवली. काठीचा आवाज बारीक होत गेला. मग तोही ऐकू येईना. इतका अंधार त्याला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

लांबून बायकोचा आवाज आला, "आलीस? एकटीच? आणि हे कुठे राहिले?"

पोहोचली होती. म्हणजे जाणार होती. दिवेवाल्याने लंगडत अडथळा ओढून जागेवर आणला आणि त्यालाच टेकून खाली बसला.

"बाबा, या आता!" गल्लीच्या टोकावरून ठमी ओरडली. "जपून या, मध्ये खड्डा आहे!"

त्याला 'आलो' म्हणायचं होतं, पण रडं काही आवरेना.