बांधावरची भूल

जालन्याच्या दवाखान्यात क्लोरोफॉर्म द्यायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना सगळे भूलवालेच म्हणत. मी तिथं पट्ट्या बांधायचो. भूल चढली का ते कळावं म्हणून रोग्याला आकडे म्हणायला लावायची पद्धत होती. भूलवाल्यांना ती बिलकुल पसंत नव्हती. "आकडे येत न्हाईत म्हणून गप झाला का भूल चढली म्हणून, कसं समजावं?" देवाचं नाव घ्या म्हटलं, तर रोगी आपण मेलोच समजून रडत. बऱ्याच तजुर्ब्यानंतर त्यांनी स्वतःचा इलाज काढला. तोंडावर फडकं धरून ते मायेनं विचारत, "पाटील, तुमचा बांध कोणी कोरला?" माणूस तावातावानं बोलू लागे, आणि त्याची जीभ जड झाली की हे डॉक्टरसाहेबांना खूण करत.

एकदा केदारखेड्याचा एक जण पायाचं गळू कापायला आला. त्याच्या बांधाची भानगड भारीच रंगली. भूलवाले "मंग? मंग?" करत खाली वाकत गेले. फडकं रोग्याच्या तोंडावरून गळ्यावर घसरलं, ते बराबर यांच्या नाकाखाली, आणि हे वरून दवा ओततच राहिले. पाय धरून बसलेला मीही ऐकण्यात गुंग होतो.

साहेब चाकू घेऊन आले, तेव्हा भूलवाले रोग्याच्या छातीवर डोकं टेकून घोरत होते.

"ये क्या तमाशा है?" साहेब ओरडले.

रोग्यानं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, साहेब. बांध माझाच, असं कबूल करून झोपलेत. उठले तर पलटतील."