अण्णांची दाढी

तार मुंबईला माझ्या ऑफिसात आली. कुणीतरी ती माझ्या टाइपरायटरशेजारी ठेवून गेलं होतं. पावसाळ्यात रेवसची लाँच बंद, त्यामुळे पनवेल-पेणच्या रस्त्याने एस.टी. बदलत मुरुडला पोचले, तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. ओटीवर शेजारच्या वत्सलाकाकू बसल्या होत्या. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "चेहरा काय शांत होता गं तुझ्या बापाचा! आणि दाढी अशी गुळगुळीत, जणू लग्नाला निघालाय." त्यांना वाटलं, मला त्याने बरं वाटेल. मी भिंतीवरच्या प्लगकडे बघत राहिले...

माझे वडील, अण्णा, बंदरावरच्या जकात नाक्यात कारकून होते. रोज सकाळी मागच्या पडवीत, खांबाला टांगलेल्या आरशासमोर त्यांची दाढी चाले. ती झाल्याशिवाय चहाला हात लावत नसत. मला लहानपणीच मुंबईला आत्याकडे, इंग्रजी शाळेत धाडलं होतं. सुट्टीत घरी यायची ती पाहुण्यासारखी. माझं मराठी अडखळायचं, म्हणून मी गप्प. अण्णा मुळातच गप्प. एकमेकांना आम्ही फक्त "जेवलीस?" आणि "जेवले" एवढंच सांगत असू.

निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. बरे झाले, पण उजवा हात थरथरायचा राहिला. रेझर लागून हनुवटी रक्ताळू लागली. गावातल्या न्हाव्याला बोलावलं, तर दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "नको. याच्या हातात वस्तरा अन् तोंडात सगळं गाव, दोन्ही एकदम चालतात." आईने कानावर हात ठेवले. "मी नारळ सोलीन, तुमचे गाल नाही." मी तेव्हा कॉलेज संपवून घरी आले होते. उरले मीच.

पहिल्या दिवशी मी रेझर घाईघाईने ओढला. ते म्हणाले, "माशाचे खवले काढत नाहीयेस. सावकाश." मग मी स्टूल ओढून समोर बसू लागले. ब्रशने साबण लावायचा, फेस मुरू द्यायचा, मग रेझर. तोंडभर फेस असताना त्यांना बोलता येत नसे, आणि समोरचा माणूस उत्तर देणार नाही म्हटल्यावर मला बोलता येई. हे माझं मलाच नवल वाटायचं. शाळेत मुली माझ्या बोलण्याला हसायच्या ते, आत्याकडे रात्री घरची आठवण यायची ते, असं कुणालाही न सांगितलेलं मी त्या फेसाला सांगितलं. अण्णा डोळे मिटून बसत. कधी भुवई हले, तेवढंच.

मुंबईत नोकरी मिळाल्याचंही तसंच सांगितलं. रेझर तेव्हा गळ्याशी होता. त्यांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

नोकरीवर रुजू झाल्यावर पहिल्याच खेपेला मी आत्याच्या यजमानांकडून विजेवरचं दाढीचं यंत्र मागून आणलं. आमच्याकडे वीज नुकतीच आली होती, प्लग एकच, तोही ओटीवर. अण्णांनी यंत्र आणि रेझर झोपाळ्यावर शेजारी-शेजारी ठेवले. यंत्र चालू करून कानाशी धरलं. "भुंगा आहे की हा!" मग माझ्याकडे बघून विचारलं, "तू सांग. कुठला ठेवू?"

त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं. मी म्हटलं, "यंत्रच बरं, अण्णा. कापायची भीती नाही. साबणसुद्धा लागत नाही."

"बरं," ते म्हणाले. "म्हणजे तू मोकळी."

खरंच मोकळी झाले. त्यानंतर येई तेव्हा ते ओटीवर, रस्त्याकडे तोंड करून भुंगा फिरवताना दिसत. गाल स्वच्छ, कुठे ओरखडा नाही. मी समाधानाने बघत असे. आमचं बोलणं पुन्हा "जेवलीस?"वर आलं. कधी ते यंत्र बंद करून क्षणभर थांबत... मी तेवढ्यात आत जाई.

तेराव्यानंतर आईबरोबर त्यांच्या वस्तू आवरत होते. पडवीतल्या फळीवर साबणाची वाटी होती. वडी झिजून पापडासारखी झालेली, ब्रश पावसाळी हवेत अजून दमट. मी म्हटलं, "हे कोण वापरत होतं?"

"कोण म्हणजे? तेच," आई म्हणाली. "सकाळी इथे यायचे, तोंडभर साबण लावून बसायचे. मग धुऊन, पुसून ओटीवर भुंगा फिरवायला. मी म्हणायची, अहो, त्याला साबण लागत नाही, पोरीने सांगितलंय ना? तर हातानेच गप्प करायचे. आणि ते स्टूल तेवढं हलवू द्यायचे नाहीत."

आई आत गेली. यंत्र मी आत्याकडे परत पाठवलं. ब्रश तिथेच आहे, स्टूलही. महिना झाला, रजा घेऊन घरीच आहे, रोज सकाळी त्या स्टुलावर जाऊन बसते. समोर आरसा आहे, त्यामागे नारळांची वाडी आहे. सांगण्यासारखं पुष्कळ साठलं आहे, पण तोंड उघडत नाही.