अर्धं सांगितलेलं दुखणं

पहिलं बाळ दीड महिन्याचं असताना माझ्या मनात एक भलताच विचार येऊ लागला. भाजी चिरायला विळीवर बसले की वाटायचं, शेजारी झोपलेल्या बाळाला आपणच काही करून बसू. मी विळी धानाच्या तणसाच्या ढिगात लपवली आणि वांगी अख्खीच शिजवू लागले. पाजण्यापुरतं बाळाला घ्यायचं, की लगेच सासूबाईंच्या मांडीवर ठेवून दूर जाऊन बसायचं. झोप उडाली, अंग वाळलं.

हे एकोणीसशे पन्नासच्या पुढच्या वर्षांतलं. कुरखेड्याजवळ आमची धानाची शेती होती आणि यजमान गावच्या शाळेत मास्तर होते.

सासूबाई मला गोंड पुजाऱ्याकडे घेऊन गेल्या. त्या म्हाताऱ्याने माझ्या तोंडासमोर धूर धरला, तांदळाचे दाणे पाहिले आणि मनात काय आहे ते विचारलं. सासूबाई शेजारीच बसलेल्या. मी काही नाही म्हटलं. तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला, मग त्यांना म्हणाला, "दाणा बोलून नाई राह्यला. इले दवाखान्यात दाखवा."

वडशापर्यंत बैलबंडीने आणि तिथून छोट्या रेल्वेने यजमान आणि मी चांद्याच्या दवाखान्यात गेलो. बाळाला घेऊन सासूबाईही आल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी भूक नाही, झोप नाही, एवढंच सांगितलं. त्यांनी ताकदीचं औषध दिलं. दुसऱ्या महिन्यातही तेच झालं. तिसऱ्या खेपेला त्यांनी घरच्यांना ओसरीवर बसायला सांगितलं आणि दार लोटलं.

"घरी गेल्यावर जे सांगायचं राहिलं असं वाटतं," त्या म्हणाल्या, "ते आज आधी सांगा."

दार नीट लागलंय ना, ते मी वळून पाहिलं. मग म्हटलं, "बाई, मले माहीच भीती वाटते. लेकराले काही करीन म्हणून."

मला वाटलं, आता या मला नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात धाडणार. त्यांनी फक्त विचारलं, तसं करावंसं वाटतं की होईल अशी भीती वाटते? भीती, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, आणखीही काही आयांकडून त्यांनी हे ऐकलं होतं. जिला ते मुळीच नको असतं, तिलाच ते छळतं. पाजून झाल्यावरही बाळाला रोज जवळ घ्या, भीती आली तरी पळू नका, आणि घरात एका माणसाला तरी सांगा. आणि यातलं जे जमलं नाही, तेही पुढच्या वेळी सांगायचं.

परतीच्या गाडीत सासूबाईंचा डोळा लागला, तेव्हा मी यजमानांना सांगितलं. ऐकताच त्यांनी बाळाला सासूबाईंच्या मांडीवरून उचलून आपल्याकडे घेतलं. त्यानंतर महिनाभर त्यांनी मला बाळाजवळ एकटीला सोडलं नाही. ते मला पुजाऱ्याच्या धुरापेक्षा जड गेलं. पुढच्या खेपेला बाईंनी त्यांनाही आत बोलावून समजावलं. मी रोज नाही, चारच दिवस बाळाला जवळ घेतलं होतं. तेही सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत.

अशा आणखी पाच खेपा झाल्या. मग बाईंची बदली झाली. नव्या डॉक्टरांनी पुन्हा ताकदीचं औषध लिहून दिलं, आणि आम्ही जाणं सोडलं. भीती विरळ झाली होती, पण पुरती गेली नव्हती.

दुसरी मुलगी झाली तेव्हा अकराव्या दिवशी ती भीती परत आली. संध्याकाळी यजमान शाळेतून येताच मी त्यांना सांगितलं. त्यांनी हातपाय धुतले, माझ्याजवळ येऊन बसले आणि विचारलं, "आजपासून, का आधीपासून?"