लाल वर, निळं खाली

मंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा त्यांनी अर्धी मांडून दिलेली गोधडी माझ्या मांडीवर होती. सकाळची वेळ, यांची बुटीबोरीच्या गिरणीत जायची घाई. यांनी फोन घेतला आणि हातात डबा धरून तसेच खाली बसले. झोपेतच गेल्या म्हणे, मनीषनगरच्या घरी. मी टोचलेली सुई तशीच कापडात राहिली...

मंदाताई माझ्या मोठ्या नणंद. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. मी चौथी शिकलेली. लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्यासमोर माझ्या तोंडून शब्द निघत नसे. त्यांनी कधी त्याबद्दल छेडलं नाही. रविवारी हुडकेश्वरला आमच्याकडे आल्या की त्या बोलत आणि मी टाके घालत असे. असं आमचं जमून गेलं.

माझा भाऊ लहानपणी पडला, गुडघा सुजला, आतलं रक्त थांबलंच नाही, आणि तो गेला. सासूबाईंना हे कळल्यापासून माझ्या सोनलला नुसतं खरचटलं तरी त्या म्हणायच्या, "माहेरचं रक्त आणलं हिनं." मी मान खाली घालायची. पुढे सोनल नोकरीला लागली त्या वर्षी तिची दाढ काढली, तर रक्त दुसऱ्या दिवशीही थांबेना. भावाचं सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, हा आजार मुलांना होतो, मुलींना नाही. आम्ही परत आलो. ताईंनी ऐकलं मात्र, तशाच ऑटो करून आल्या आणि सोनलला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. रक्त गोठवणारा घटक तिच्यात कमी निघाला.

सोनल तेव्हा आपल्या कामाला लागली. लग्न होऊन दिवस गेल्यावर मात्र घाबरली. बाळंतपणात रक्त थांबलं नाही तर? ही भीती आम्ही दोघी एकमेकींना सांगत नव्हतो.

लेकीच्या बाळाच्या पहिल्या गोधडीत लेकीच्या आईकडचं एक आणि बापाकडचं एक जुनं पातळ घालायची आमच्या घरची रीत. माझ्या आईचं लाल पातळ होतं, ताईंनी स्वतःचं निळं दिलं. प्रत्येक चौकोनात दोन्ही कापडं, एक वर आणि एक खाली. मी प्रत्येक वेळी लाल खाली घालत होते. ताईंच्या ते लक्षात आलं.

"लाल काहून दडवून राहिली वं?"

मी सुईत दोरा ओवत राहिले. बाजूला बसलेली सोनलच म्हणाली, "आत्या, हा पोरांचा आजार आहे नं? मग मले काहून झाला?"

ताईंनी लाल-निळ्या तुकड्यांची एक जोडी उचलली. "हा दोष एक्स नावाच्या गुणसूत्रावर राहते. पोराजवळ एक्स एकच राहते, आईकडून आलेली. तुझ्याजवळ दोन आहेत, एक आईची, एक बापाची. पण एका पेशीत एकच जागी राहते, दुसरी झोपते."

"कोणती झोपाची हे कोण ठरवते? बाबा?"

"तुझ्या बापाले कोणती भाजी आणाची तेबी ठरवता येत नाही!"

सोनल किती दिवसांनी हसली.

मग ताईंनी सांगितलं ते मला माझ्या परीनं कळलं ते असं. पोटातला जीव अगदी इवलासा असतो, तेव्हाच प्रत्येक पेशी आपलं आपण ठरवते. कोणी कोणाला विचारत नाही. जी एक्स झोपणार ती स्वतःच एक धागा काढते आणि स्वतःलाच गुंडाळून घेते. त्या पेशीपासून पुढे जेवढ्या होतात, त्या तोच कित्ता गिरवतात. नेमकी निवड कशी होते, हे अजून शिकलेल्यांनाही पुरतं उमगलेलं नाही म्हणे. ताई डोळे मिटून जोड्या उचलत आणि जे वर येईल ते तसंच मांडत गेल्या. एका बाजूला लालच लाल झालं.

"हे पाय, असंच झालं हिच्यात. तुह्या आईचं लाल जास्त जागी राहिलं. यात तुही चूक नाही आन् तुह्या आईचीबी नाही." हे त्या माझ्याकडे बघून बोलल्या. "आता माहीत झालं नं, तर डॉक्टर तयारीत राहतीन."

ताई जाऊन दोन महिने होत आले. मागच्या आठवड्यात सोनल बाळंत झाली. औषध आधीच आणून ठेवलेलं होतं. रक्त जास्त गेलं, पण थांबलं. मुलगी झाली. तिचीही तपासणी होईल, काय निघायचं ते निघेल. आता आम्हाला कुठं जायचं ते माहीत आहे.

आज गोधडी पुरी केली. शेवटच्या चौकोनाला ताईंसारखेच डोळे मिटले आणि जोडी मांडली. लाल वर आलं. मी ते उलटवलं नाही. ताईंचं निळं खाली गेलं... दिसत नाही, पण हात फिरवला की लागतं.