हॉटेलात माझं नाव कांदे

माझ्या बायकोनं उभ्या जन्मात माझं नाव घेतलं नाही. आमच्याकडं जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नसत, त्यात नवल काही नाही. घरात 'आवो' म्हटलं की भागतं. पण मथुरा लातूरच्या एका मोठ्या हॉटेलाची मुख्य आचारी होती आणि मी तिच्या हाताखाली कामाला. भटारखान्यात तिनं 'आवो' म्हटलं की सगळ्यांच्याच माना वळायच्या. मग तिनं तोड काढली. माझ्या हातात जे असेल त्या नावानं मला हाक. "ओ कांदे, हात उचला." "ओ वांगे, देठं ठेवा." एकदा मी कोंबडी साफ करत होतो, तेव्हा मात्र हाक आली नाही. पदर तोंडाला लावून ती स्वतः चालत आली.

दुसरी तिची सवय म्हणजे एक सवाल. कामाला माणूस मागायला कुणी येवो नाहीतर काम मागायला, ती पहिल्यांदा विचारणार, "जेवून आलाव का?" 'हाव', म्हणजे हो, म्हणणारा माणूस तिच्या मनातून उतरायचा. ती म्हणायची, "आचाऱ्याच्या दारात पोट भरून येणारा मालक पगार देईल, पर चव कळायची न्हाई त्याला."

आता बाई मुख्य आचारी झाली कशी, ते सांगतो. खरं म्हणजे त्या जागेवर मी बसणार होतो.

लातूर उस्मानाबादेतून फुटून नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. मी औशाला एका खाणावळीत आचारी होतो. आचारी म्हणजे स्वयंपाकही माझा, भांडीही माझीच. लातुरात कचेऱ्या आल्या, साहेब लोक आले, त्यांना उतरायला लॉज-हॉटेलं उठली. पुण्याकडच्या एका शेटनं तीन मजली हॉटेल बांधलं आणि आचाऱ्याचा शोध सुरू केला. त्या साली पावसानं दगा दिला होता. टँकर आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन पळायची. शेटच्या बोअरला मात्र पाणी होतं, म्हणून त्याच्या मिशीला पीळ होता.

शेटनं मला बोलावलं, आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाला, एक दिवस जेवण करून दाखवा, साहेब लोक चाखतील, मग पगाराचं बोलू. दिवस त्यानंच ठरवला. कॅलेंडरात बघितलं, अमावस्या, गावात सुट्टी. सुट्टी म्हटल्यावर गिऱ्हाईक लोटणार, असा त्याचा हिशोब.

ती येळवस होती, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. आमच्या भागात येळवशीला माणूस गावात राहत नाही. पेंढ्यांची खोपटासारखी कोप करायची, पांडवांची पूजा करायची, हिरव्या तुरी-वाटाण्याची भज्जी खायची, आंबील प्यायची आणि दिवसभर शेतात लोळायचं. पुण्याच्या माणसाला हे कोण सांगणार? मी सांगितलं नाही, कारण मला ती नोकरी पाहिजे होती. 'दिवस बदला' म्हटलं तर शेट आचारी बदलेल, ही भीती.

मथुरेला सांगितलं. वाटलं, भांडेल. ती शांतपणे म्हणाली, "जावा. भूक लागली की शेतात या. भावाच्या शेतात हायेत आम्ही."

येळवशीला सकाळी हॉटेलात गेलो. भाजीवाला नाही, दूधवाला नाही. हाताखालचे चौघं येणार होते, त्यातला एकही नाही. ज्या साहेबांना जेवायचं होतं, त्यांना त्यांचे कारकून शेतात घेऊन गेले होते. शेट दारात उभा राहून मोकळ्या रस्त्याकडं बघत होता. दुपार झाली. एक कुत्रं आलं, वास घेतला आणि निघून गेलं.

शेटनं विचारलं, "सगळं गाव कुठं गेलं?"

"शेतात."

"तुम्ही का गेला नाही?"

"नोकरीसाठी थांबलो."

शेट पायरीवर बसला. मग हळू आवाजात म्हणाला की सकाळपासून त्याला कुणी चहासुद्धा दिलेला नाही. त्याची मोटार होती, पण ड्रायव्हर येळवशीला गेला होता. मग मी त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवला. सफारी घातलेला शेट मागं आणि मी पुढं. औशाच्या रस्त्यानं आमची वरात निघाली. बांधावरची पोरं हसून हसून आडवी झाली.

शेतात ज्वारी गुडघ्याएवढी, तीही वाळलेली. भज्जीला हिरवी तूर नव्हती, वाटाणा नव्हता. मथुरेनं घरातल्या वाळल्या डाळी-कडधान्यं भिजवून भज्जी केली होती. आंबिलीसाठी घरून डोक्यावर घागर आणली होती. तिनं शेटकडं पाहिलं आणि विचारलं, "जेवून आलाव का?"

शेट म्हणाला, "नाही हो बाई."

"मग बसा की."

शेट बसला तो उठेना. बाजरीचे वाफवलेले उंडे मोडून मोडून भज्जीत कालवत होता. तिसऱ्यांदा भज्जी मागितली तेव्हा माझा मेहुणा पातेल्यात डोकावून बघायला लागला. हात धुवायच्या आधी शेटनं विचारलं, ही केली कुणी? मी बोट दाखवलं. शेट म्हणाला, "मग माझ्या हॉटेलच्या मुख्य आचारी याच."

माझ्या हातातला उंडा हातातच राहिला. ज्या नोकरीसाठी मी येळवस सोडली, ती नोकरी येळवस न सोडणारीला मिळत होती. मी मथुरेकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. पातेल्यावर झाकण ठेवत होती.

शेट पगार सांगायला लागला तसं तिनं हात वर केला. "पगार मागनं सांगा. आधी पाणी सांगा."

तिनं सांगितलं ते असं. कामावरच्या प्रत्येकानं रोज जाताना बोअरचं एक घागर पाणी घरी न्यायचं. स्वयंपाक उरकला की वाढायच्या आधी कामवाल्यांनी जेवून घ्यायचं. येळवशीला हॉटेलाला कुलूप. आणि नवरा बी कामावर.

शेट पाण्यावर अडला. दुष्काळात पाणी म्हणजे सोनं, म्हणाला. मथुरेनं पातेल्याला फडकं बांधायला घेतलं. भज्जी अजून अर्धी शिल्लक होती. शेटनं पातेल्याकडं बघितलं, मग वाळलेल्या ज्वारीकडं बघितलं आणि 'बरं' म्हणाला.

पगार दुसऱ्या दिवशी ठरला. तिचा माझ्यापेक्षा जास्त. गल्लीतले लोक मला डिवचायचे, "काय वस्ताद, साहेबीण काय म्हणतीया?" मी म्हणायचो, साहेबीण म्हणते कांदे बारीक चिरा. आणि तिनं संध्याकाळी घरी गेल्यावर एकदासुद्धा पगाराची गोष्ट काढली नाही. फक्त हॉटेलातून निघताना घागर माझ्या डोक्यावर द्यायची. म्हणायची, "मी मुख्य हाय, मी कशाला उचलू?"

पुढं माणसं ठेवायचं कामही तिच्याकडंच आलं. एक पोरगा हॉटेलाचा कोर्स करून आला, पांढरी टोपी घालून. जेवून आलाव का? हो म्हणाला. "मग उद्या उपाशी या. भरल्या पोटाचा आचारी चाखत न्हाई, अंदाजानं टाकतो." तो दुसऱ्या दिवशी उपाशी आला आणि राहिला. आता तो नांदेडला एक्झिक्युटिव्ह शेफ आहे. हे पद मला अजून एका दमात म्हणता येत नाही. पगार विचारला तर हसतो, म्हणतो, बाईंनी पाणी मागितलं होतं, मी पार्किंग मागितलं.

मथुरा गेल्या थंडीत गेली. दवाखान्यात होती, बोलणं कमी झालं होतं. मी खाटेजवळ बसून मोसंबी सोलत होतो. तिनं डोळे उघडले, माझ्या हाताकडं बघितलं.

"ओ मोसंबी. जेवून आलाव का?"

मी हाव म्हणालो.

"खोटं," ती म्हणाली. "जावा, जेवून या."

साहेबिणीचा हुकूम. मी खालच्या कँटीनमध्ये गेलो. वरण-भात घेतला. वरणात मीठच नव्हतं. दोन घास खाल्ले आणि तसाच जिना चढलो, तिला सांगायला की इथला आचारी जेवून कामावर येतो, याला काढायला पाहिजे.

वर गेलो तर नर्सबाईनं चादर वर ओढली होती.

वरण अळणी होतं, एवढं सांगायचं राहून गेलं.